आबनुसाच्या राईकडे जाऊ नकोस

कामाझा गाव
४ सप्टेंबर १९९८

तिलेले,

तुझं पत्र मिळालं. होडीवाल्या येसायाने बुडाखाली घेऊन आणलं. निम्मी शाई त्याच्या चड्डीला लागली, उरलेलं मी वाचलं. माझी शाळा तुला माहीत आहे. मिशनमध्ये चार इयत्ता, त्यातली एक दोनदा. तरी तू सहा पानं लिहितेस. मुद्द्याचं लिही.

तुझी आई बरी आहे. हत्तींनी तिचे भोपळे खाल्ले. ती हत्तींनाही शिव्या घालते आणि मलाही. मला का, तर मी तिचा भाऊ असून, शिकारवाल्यांकडे माग काढायला असून, हत्ती तिच्याच वाडीत कसे येतात. मी हत्तींना पत्ता दिलाय जणू.

परीक्षेचं विचारलंस. झाडं, पक्षी, लेंड्या, सगळ्यांची नावं विचारतील. ती पाठ कर. पण पाहुण्यांना घेऊन अभयारण्यात पायी फिरायचं तर नावांनी पोट भरत नाही. मी इकडे यायच्या आधी बारा पावसाळे तिकडेच बंदूक घेऊन पाहुण्यांपुढे चाललो, म्हणून सांगतो. बंदूकवाला पुढे. त्याच्या पाठीशी तू. मग पाहुणे, एकामागे एक, शेळ्यांसारखे. शेवटी चहाची किटली घेतलेला माणूस. वारा तोंडावर घे. राखेची पुरचुंडी कमरेला ठेव आणि सारखी झटकून वारा कुठला ते बघ. आणि रोज सकाळी पाहुण्यांना सांग, काही झालं तरी पळायचं नाही. रोज. कालच सांगितलं होतं म्हणून सोडू नकोस. पाहुण्यांच्या डोक्यात काही राहत नाही.

आता दुसरी गोष्ट. सरदारांच्या आवारात महिनाअखेर सभा आहे. आपल्या बाजूच्या रानात शिकार कंपनी ठेवायची की काढायची, ते ठरणार. मी समितीत आहे. आणि तू लिहितेस, मामा, शिकारीविरुद्ध हात वर करा. हे तुझ्या कॅम्पच्या मॅडमने लिहून दिलं का? आपल्यात पोर बापाचं नसतं, मामाचं असतं. तेव्हा मी बोलायचं आणि तू ऐकायचं. उलटं कधीपासून झालं?

मीठ पाठव. इथे दुकानात संपलंय.

जाइरस न्खोमा


मुसिकिसी कॅम्प, नदीपलीकडे
८ सप्टेंबर १९९८

मामा,

इथून गुडघे टेकून टाळ्या वाजवून नमस्कार करते. तुम्हाला दिसणार नाही, पण केला. मीठ येसायाकडे दिलंय. या वेळी डोक्यावर ठेवून ने म्हटलं, तर तो म्हणतो, "मामाचं मीठ डोक्यावर, भाचीचं पत्र बुडाखाली, ज्याची त्याची जागा."

मॅडमने काही लिहून दिलेलं नाही. माझं डोकं मला आहे.

माझ्यापुढे बंदूक घेऊन सिलिशेबो चालतो. सरकारी पहारेकरी, पश्चिमेकडच्या मासेखाऊ लोझी जमातीचा. पहिल्या दिवशी म्हणाला, "बाई पुढे नेणार, मग मी कुठे बघू?" मी म्हटलं, "गवतात बघ. मासे नाहीत तिथे, म्हणून तुला सवय नसेल." तेव्हापासून तो, आपल्याकडे उंदीर खातात म्हणून, मला उंदीरखाऊ म्हणतो आणि आमचं बरं जमतं. माणूस चांगला आहे. गोळी चालवायच्या आधी विचार करतो. कधी कधी फार करतो.

पाहुण्यांचं काय सांगू. परवा एकीने अंगाला इतकं अत्तर फासलं होतं की तिच्या वाऱ्याने हरीण पळालं आणि त्सेत्से माश्या आल्या. एक म्हातारा मुंगीच्या वारुळापाशी अर्धी सकाळ बसला. म्हणाला, सिंह नको, हेच बघू. मला तो फार आवडला. पायी फिरण्याचं हेच आहे, मामा. गाडीतून रान चित्रासारखं सरकतं. पायी चाललं की ते आपल्याकडे बघतं. मी रोज निघताना घाबरते आणि रोज परत आल्यावर उद्याची वाट बघते.

पण संध्याकाळी शेकोटीपाशी पाहुणे विचारतात, पलीकडून बंदुकीचा आवाज येतो तो कसला? मी काय सांगू? सकाळी मी ज्या नराला नाव देऊन दाखवते, तो रात्री नदी ओलांडून तुमच्याकडे गेला की तुम्ही त्याचं डोकं परदेशी माणसाला भिंतीवर टांगायला देता. माझा मामा माग काढून देतो, असं सांगू?

आबनुसाच्या राईत तीन म्हातारे रानरेडे आहेत, कळपाने टाकलेले. तुम्ही ज्यांना काकुली म्हणता ते. अंगाला चिखल, तोंडाला राग. पुढच्या आठवड्यापासून मी तिकडेच फिरवणार आहे. सुकलेल्या डोहापासून वारा चांगला मिळतो.

हात कुणीकडे वर करायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. मी फक्त विचारलं.

तुमची तिलेले


कामाझा
१३ सप्टेंबर १९९८

तिलेले,

मीठ मिळालं. ओलं होतं. येसाया म्हणतो घाम आला.

डोकं टांगतात म्हणालीस. टांगू देत. माझ्या भिंतीवर नाही टांगत. डोकं तो नेतो, मांस गाव खातं. तुझ्या आईने परवा रेड्याच्या मांसाबरोबर मक्याच्या पिठाची न्शिमा खाल्ली, तेव्हा डोकं कुठे गेलं म्हणून विचारलं नाही.

तू लहान होतीस म्हणून आठवत नसेल. वरच्या अंगाला, ओढ्यापलीकडच्या रानात पूर्वी एक शिकार कंपनी होती. ती भांडून गेली. आता बरं होईल, जनावरं सुखात राहतील, असं शहरातले लोक म्हणाले. झालं काय? त्या रानाचे पहारेकरी कंपनीच्या पैशावर होते. ते घरी बसले. तिकडे फिरणारं कुणी उरलं नाही, तुझे पाहुणेही नाहीत, कारण तिथे ना डोह ना सिंह, नुसती झुडपं आणि माश्या. मग तारा आल्या. फासाच्या तारा. कुंपणाची, टायरमधली, मिळेल ती तार. तार नर बघत नाही, मादी बघत नाही, म्हातारं बघत नाही, पोटुशी बघत नाही. गोळी निदान बघून मारते. आज त्या रानात जा. पायवाट आहे, पण जनावराचा माग नाही. मी गेलो होतो. दिवसभर चाललो आणि मला एका सशाचा माग दिसला. इतका आनंद झाला की त्याच्यामागे गेलो.

आपलं रान तसं व्हायला नको, म्हणून मी शिकारीला हात वर करणार. माझ्या पगारासाठी नाही. पगार मला कुठेही मिळेल. माग काढणारे आता राहिलेत किती?

कंपनीचा साहेब, आमचा ब्वाना हार्कर, माणूस म्हणून मला आवडत नाही. पाहुण्याला फार लवकर बंदूक देतो. पण कंपनी म्हणजे हार्कर नव्हे. हे नीट वाच आणि मग बोल.

राईतले काकुली मला माहीत आहेत. त्यातल्या एकाचं डावं शिंग मोडकं आहे, तो रात्री लंगडत आमच्या काठाला चरायला येतो. त्यांच्यापासून लांब राहा. दिसले तर बघायचं, सरकायचं. ते कळपातल्यासारखे पळून जात नाहीत.

जाइरस


कामाझा
१८ सप्टेंबर १९९८

तिलेले,

घाईत आहे. आबनुसाच्या राईकडे जाऊ नकोस. डोहाकडेही नको. पिलांसकट हत्तिणी उतरल्या आहेत, आम्ही या काठावरून बघितल्या. चिडलेल्या आहेत. आठवडाभर दुसरीकडे फिरव. दक्षिणेला जा, तिकडे जिराफ असतात, पाहुण्यांना जिराफ आवडतात.

कारण विचारत बसू नकोस. सांगितलं तेवढं कर.

मामा


मुसिकिसी
१९ सप्टेंबर १९९८

मामा,

तुम्ही कधीपासून "मामा" अशी सही करायला लागलात? नेहमी जाइरस न्खोमा लिहिता, जणू मी पोलिसात आहे.

काल तुमची चिठ्ठी मिळाली आणि आज पहाटे मी आणि सिलिशेबो पाहुण्यांशिवाय डोहाच्या अलीकडल्या कडेपर्यंत जाऊन आलो. हत्तिणी नाहीत. माग जुना, शेणात वाळवीसुद्धा लागलेली. काटेबाभळीच्या शेंगा या वर्षी उत्तरेला पडल्यात, सगळे हत्ती तिकडे आहेत. हे तुम्हीच मला शिकवलंत. शेंगा बघ, मग हत्ती शोध.

म्हणजे तुम्ही खोटं लिहिलंत. तुम्ही!

का, तेही मला कळलं. सिलिशेबो म्हणाला, परवा संध्याकाळी तुमच्या काठावर दोन बार ऐकू आले, अगदी पाण्याजवळ. तुमच्या ब्वानाला आमची अडचण होते. पलीकडे पाहुण्यांची रांग दिसली की त्यांच्या शिकाऱ्याला लाज वाटते. आमच्या लोकांनी फोटो काढले तर सभेआधी बोभाटा होईल. म्हणून भाचीला जिराफ बघायला पाठवा.

तुम्ही सरळ लिहिलं असतं, पोरी, आमची शिकार आहे, चार दिवस लांब राहा, तर मी राहिले असते. कुरकुर केली असती, पण राहिले असते. मला हत्तिणी सांगू नका.

शनिवारी, सव्वीसला, माझ्याकडे सहा पाहुणे आहेत. त्यांना मी आबनुसाच्या राईतच नेणार. रान आमच्या काठावरचं आहे.

तिलेले


कामाझा
२५ सप्टेंबर १९९८

तिलेले,

तुझं पत्र आत्ता हातात पडलं. येसायाच्या सासऱ्याचं मयत झालं, तो आठवडाभर तिकडेच होता आणि पत्र त्याच्या कोटाच्या खिशात. कोट अंगात, खिसा विसरला. आज त्याची बायको भांडून घेऊन आली.

तू उद्या जाणार. ऐक.

हत्तिणी नव्हत्या. सतराला संध्याकाळी आमच्या पाहुण्याने मोडक्या शिंगाच्या काकुलीला गोळी घातली. उजेड कमी होता. मी म्हणालो, नको, उद्या. हार्करने हाताने मला बाजूला सारलं. पहिली गोळी पोटात, मागे. दुसरी कुठे गेली देवाला ठाऊक. रेडा पाण्यात उतरला, वाळूच्या पट्ट्यावरून पलीकडे गेला आणि तुझ्या गवतात शिरला. सरहद्दीपलीकडे जखमी जनावर गेलं की त्याच रात्री अभयारण्याच्या चौकीला कळवायचं, असा नियम आहे. आमच्याबरोबरचा सरकारी पहारेकरी तापाने कॅम्पात पडला होता. हार्कर म्हणाला, "मगरींनी खाल्ला असं समज. सभा होऊ दे." मी पलीकडची वाळू बघितली होती. चिखल काठावर चढलेला होता, रक्तही. मगरींनी काही खाल्लेलं नव्हतं.

मी गप्प बसलो. कंपनी गेली की तारा येतील, हेच डोक्यात. आणि तू राईकडे जाऊ नयेस म्हणून हत्तिणी लिहिल्या. तू माझं ऐकतेस असं मला वाटलं. तू माझं ऐकलंस, शेंगा बघितल्यास.

पोटात गोळी लागलेला रेडा आपल्याच मागाला वळसा घालून येतो आणि बाजूला बसून राहतो. आपण त्याच्या मागावर नजर ठेवून चालतो आणि तो आपल्याला बघत असतो. आठ दिवस झाले. मेला असेल तर बरं. मेलेला नसेल तर त्याच्या अंगात आता रागाशिवाय काही नाही.

होडी या काठाला बांधलेली आहे. वल्हं येसायाकडे मयताच्या गावी. हार्करकडे रेडिओ आहे. मागायला गेलो तर म्हणाला, "उद्या बघू, जाइरस." त्याचा उद्या मला माहीत आहे.

ही चिठ्ठी न्यायला कुणी नाही. लिहिली कशाला तेही कळत नाही. हात स्वस्थ बसत नाही म्हणून लिहिली.

उजाडलं की मीच येतो. रेडा गेला त्याच वाळूवरून. पाणी मांडीपर्यंत असेल.

जाइरस


मुसिकिसी
२९ सप्टेंबर १९९८

मामा,

हे पत्र कॅम्पच्या ट्रकने मिशनच्या दवाखान्यात पाठवतेय. सिस्टर म्हणाल्या शुद्धीवर आहात आणि शिव्या देताय, म्हणून लिहितेय. तुमच्या सदऱ्यात तुमची चिठ्ठी मिळाली. पाण्याने भिजली होती, पण पेन्सिल होती, वाचता आली.

तुम्हाला आठवत नाही म्हणे, म्हणून सांगते.

राईच्या तोंडाशी आम्ही थांबलो होतो. सिलिशेबो पुढे, मी मागे. मी पाहुण्यांना झाड दाखवत होते. तेवढ्यात गवतातून पक्षी उठले, रेड्यांच्या अंगावरच्या गोचिड्या खाणारे, चिर्र करत.  रेड्यांचा माग सरळ पुढे राईत गेला होता, पक्षी पुढून उठायला हवे होते. ते डावीकडून उठले. वळसा घालून बसला होता, तुम्ही लिहिलंत तस्साच. मी तेव्हा ते वाचलेलं नव्हतं.

तो आला, मामा. मान वर, नाक पुढे. मी ओरडले, पळू नका, माझ्या मागे, झाडाला चिकटा! आणि कुणी पळालं नाही. अत्तरवाल्या बाईसारखीच एक होती, तीसुद्धा नाही. रोज सकाळी सांगितलं होतं. सिलिशेबोने बंदूक उचलली, पण समोरून नुसती शिंगांची ढाल, गोळी कुठे घालणार?

आणि उजवीकडून तुम्ही आलात. गवतातून. उघडे, सदरा हातात फिरवत, पळत! त्या रेड्याला, त्याच्या आईला, त्याच्या आईच्या भावाला, सगळ्यांना शिव्या घालत. तो वळला. तुमच्यामागे वळला तेव्हा त्याचा खांदा सिलिशेबोपुढे आला. एक बार. पण वेगात होता, पडता पडता तुम्हाला उडवलंत त्याने. उडवलं त्याने. खोडत बसत नाही, तसंच वाचा.

पाहुण्यांपैकी एकाने नंतर मला विचारलं, "ते आजोबा कार्यक्रमातले होते का?"

मी हसले आणि मग रडले आणि मग चहा वाटला.

मला तुमचा इतका राग आलाय की हे पत्र मी तीनदा फाडलं. हत्तिणी! एक शब्द खरा लिहिला असतात तर मी स्वतः चौकीवर जाऊन सांगितलं असतं, चार बंदूकवाले गेले असते, झालं असतं. तुम्हाला माझ्यापेक्षा सभा मोठी वाटली.

आणि तुम्ही पळालात. आयुष्यभर मला पळू नको सांगून.

तिलेले


मिशनचा दवाखाना
४ ऑक्टोबर १९९८

तिलेले,

मांडीचं हाड मोडलंय. पायाला दोरी बांधून दोरीला वीट टांगली आहे. शेजारच्या खाटेवरचा माणूस म्हणतो, हा कसला उपचार, माझी शेळी अशी बांधतात. त्याला खोकला आहे, तरी बोलायचं थांबत नाही.

मी पळालो ते बरोबर होतं. पळायचं नाही हे पाहुण्यांसाठी. मी पाहुणा नव्हतो, मला कुणी आमंत्रण दिलं नव्हतं.

सभा तुझ्यापेक्षा मोठी वाटली म्हणतेस. मोठी नाही वाटली. सभा आणि तू, दोन्ही एकदम धरायला गेलो. हात दोन आहेत, पण एवढं मोठं काही एकेका हातात मावत नाही.

येसायाकडच्या मयतामुळे सभा पुढे गेली आहे. तेरा तारखेला आहे. मला बैलगाडीतून नेतील. मी उभा राहून, म्हणजे पडून, सगळ्यांसमोर सांगणार. रेड्याला जखमी कुणी केलं, कसं केलं, कुणी लपवलं. हार्करचंही नाव आणि माझंही. मग हात वर करायचे ते करू देत.

रेड्याचं मांस काय केलंत? मामाचा वाटा असतो, छातीचा. विसरलीस?

जाइरस


मुसिकिसी
१० ऑक्टोबर १९९८

मामा,

अभयारण्यातलं मांस हलवता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. गिधाडांनी खाल्लं. छातीसुद्धा.

मामा, सभेत बोलू नका.

हे मी लिहितेय यावर तुमचा विश्वास बसणार नाही. ऐका. रेडा पडल्यावर आम्ही त्याला बघितला. पोटात तुमच्या पाहुण्याची जखम, सडलेली. पण पुढच्या डाव्या पायात तार होती. खुराच्या वर, कातडीच्या आत गेलेली, वर मांस वाढलेलं. कधीची कुणास ठाऊक. त्या ओढ्यापलीकडच्या रानातून आला असणार. तो काठावर लंगडत चरायचा ते वयामुळे नव्हे, या तारेमुळे. सिलिशेबोने पक्कड लावून तार काढली. ती माझ्या तंबूत खिळ्याला टांगली आहे. रोज निघताना दिसते.

अहवालात आम्ही फक्त लिहिलं की जनावर आधीच जखमी होतं. कुणी केलं ते लिहिलं नाही. सिलिशेबो म्हणाला, "तुझा मामा आहे, तू सांग काय लिहू." मी सांगितलं.

तुम्ही सभेत बोललात तर मॅडमच्या बाजूचे लोक टाळ्या वाजवतील आणि कंपनी जाईल. मग आपल्या रानाचे पहारेकरी घरी बसतील. तुम्ही एका सशाच्या मागे गेलात ना, तसं मी पाहुण्यांना सशाच्या मागे न्यायचं का? मला शिकार आवडत नाही. कधी आवडणार नाही. पण तार त्याहून आवडत नाही. थोडे दिवस गप्प राहा. हार्करचं पुढे बघू.

परीक्षा काल झाली. तोंडीला तिघे होते. झाडं विचारली, लेंड्या विचारल्या. मग एकाने विचारलं, "रेडा अंगावर आला, काय कराल?" मी म्हटलं, उभी राहीन, पाहुण्यांना उभं ठेवीन. तो म्हणाला, "पळणार कधीच नाही?"  मी म्हटलं, "मी नाही. एकदा दुसरं कुणीतरी पळालं होतं, म्हणून मी इथे आहे." त्यांनी एकमेकांकडे बघितलं. पास झाले की नाही ते अजून सांगितलं नाही. 

तिलेले


कामाझा
१६ ऑक्टोबर १९९८

तिलेले,

तू पास झालीस. येसायाने चौकीवर ऐकलं आणि नदी ओलांडून बोंबलत आला. पत्र तुला नंतर येईल. तुझ्या आईने कोंबडी कापली, मला मान दिली. मानच. एवढं करून.

आता सभा. मी बोललो.

तुझं पत्र आदल्या दिवशी वाचलं होतं. दोनदा वाचलं. तू अगदी माझ्यासारखं लिहिलं आहेस, म्हणूनच घाबरलो. आता गप्प राहू, पुढे बघू. मीही हेच म्हणालो होतो आणि तुला हत्तिणी लिहिल्या. पुढच्या वेळी तू कुणाला काय लिहिशील?

पायाची वीट काढून फळी बांधली होती, बैलगाडीतच पडून बोललो. सरदार खाली उतरून गाडीपाशी आले, कारण माझा आवाज पोचत नव्हता. हार्कर झाडाखाली खुर्चीवर होता. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हातारा तापात बडबडतोय." तेव्हा येसाया उठला. म्हणाला, "ताप मला आला होता, भाचीचं पत्र खिशात ठेवून विसरलो म्हणून. याला नाही." लोक हसले. हार्कर हसला नाही.

मग ओरडाआरडा. मॅडमची माणसं म्हणाली, बघा, हीच ती शिकार. मी म्हटलं, ही शिकार नव्हे, ही लपवाछपवी. शिकार ठेवा, लपवणाऱ्याला काढा. आणि तुझ्या तारेचं सांगितलं. सरदार म्हणाले, तार कुठे आहे? मी म्हटलं, माझ्या भाचीच्या तंबूत, ती रोज बघते. तेवढ्यावर त्यांनी समितीला गाडीपाशी बोलावलं. 

ठरलं ते असं. शिकार राहील. हार्कर जाईल. दुसरी कंपनी येईपर्यंत पहारेकरी गावाने पोसायचे, घराघरातून मका गोळा करून. किती दिवस देतील? पीक येईपर्यंत देतील, नंतर कुरकुरतील. दुसरी कंपनी येईल का, चांगली येईल का, मला ठाऊक नाही. तारा आधी येतील की माणसं, तेही ठाऊक नाही. हार्कर दुसऱ्या दिवशी तंबू गुंडाळून गेला. माझे बूट त्याच्या कॅम्पात होते, तेही गेले.

आणि एक ठरलं. या काठावरून जखमी जनावर पाण्यात उतरलं की त्याच संध्याकाळी नदीवर ढोल वाजवायचा. तुमच्या काठाला ऐकू येईल असा. वाजवणार कोण, यावर वाद झाला. माझा पाय पावसाळाभर तरी चालायचा नाही, मग सरदार म्हणाले, जाइरसलाच द्या, तो नाहीतरी कुणाला झोपू देत नाही. तेव्हा ढोल आता माझ्या झोपडीत आहे आणि झोपडी काठावर हलवली आहे. दिवसभर पाण्याकडे बघतो. सकाळी तुझी रांग पलीकडून जाताना दिसते. शेवटचा माणूस फार मागे राहतो, किटलीवाला. त्याला जवळ घे.

ढोल ऐकलास की पाहुण्यांना मोठ्या झाडाखाली उभं कर आणि राईकडे जाऊ नकोस. कारण विचारत बसू नकोस.

नाही. विचार. येसायाला लगेच पाठव आणि विचार. मी सांगेन.

जाइरस न्खोमा